पाणकणसातली हाक

१

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी आम्ही पक्षी मोजतो. गेली अकरा वर्षं हा नेम आहे. सकाळी सहाला रंकाळ्याच्या कट्ट्यावर जमायचं, आण्णांनी थर्मासमधून आणलेला चहा प्यायचा, दोघादोघांच्या जोड्या पाडायच्या आणि तलाव वाटून घ्यायचे. एकानं दुर्बिणीतून बघत आकडा सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा. चांदवे एकशे चाळीस, हळदी-कुंकू बदकं बावीस. पाणकावळे एकेक मोजता येत नाहीत, म्हणून दहा-दहाचे गठ्ठे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आकड्यांची कामं आपोआप माझ्याकडे येतात.

आण्णा आमच्या गटाचे कर्ते. सत्तरीचे आहेत, पण अजून स्वतः मोटरसायकलवर येतात. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून गटाची नवी दिनदर्शिका काढली आणि जानेवारीचं पान सगळ्यांसमोर धरलं. पानावर माझा फोटो होता. फटाकडी. मुठीएवढा पाणपक्षी, आयुष्यभर पाण्यातल्या उंच पाणकणसात लपून राहणारा. गाळावर एक पाय उचललेला, मान वर, डोळा लालबुंद. असा उघड्यावर तो क्वचितच सापडतो.

"अनुजाताईंनी एकाच फोटोत सगळ्यांना घरी बसवलंय," आण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

फोटोखाली लिहिलं होतं, 'कळंबा तलाव'. ते मीच सांगितलं होतं. खोटं होतं.

मग आण्णांनी जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला तेजस्वी आली. ती गटातली सगळ्यात नवी. बँकेत नोकरी करते, गाडी छान चालवते. "तुम्ही दोघी आधी कळंबा करा," आण्णा म्हणाले, "आणि मग शाहूवाडीकडचा तो पाझर तलाव. तुमच्या ओळखीचाच आहे ना तो?"

त्या तलावाचं नाव मी इथं लिहीत नाही. नको म्हणायला तोंड उघडलं, पण कारण सांगावं लागलं असतं. मी होय म्हटलं.

२

कळंब्याला धुकं होतं. तेजस्वी बांधावर उभी राहून लिहीत होती आणि मी आकडे सांगत होते. शेकाटे एकोणीस. तुतवार सात. डाव्या हाताला पाणकणसाचं दाट बेट होतं. त्यातून आवाज आला.

खटक. खटक. खटक.

जुन्या कॅमेऱ्याचा आवाज. आत आरसा उचलला जातो आणि पडतो, त्याचा. असा कॅमेरा माझ्याकडे होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी तो विकला. आता बहुतेकांकडे नवे कॅमेरे आहेत, त्यांचा आवाजच येत नाही.

"कुणीतरी आत बसलंय," मी म्हणाले.

तेजस्वीनं मान वर केली. "कुठं मॅडम?"

मी बोट दाखवलं. त्या बेटात माणूस बसायला जागा नव्हती. भोवती कमरेएवढं पाणी, आणि पाण्यावर कुणी गेल्याची रेघ नाही. मी दुर्बीण लावून एकेक कणीस पाहिलं. एक खंड्या बसला होता, तो उडाला.

"बेडूक असंल," ती म्हणाली आणि पुढचा आकडा मागितला.

मलाही ते पटलं. बेडूक टकटक आवाज काढतात. फक्त हा आवाज तीन-तीनचा होता. तीन, मग श्वासाएवढी जागा, मग तीन. मी तशीच बटण दाबते. एकदम दहा-दहा फोटो घ्यायची मला सवय नाही; तीन घ्यायचे, श्वास सोडायचा, पुन्हा तीन.

शाहूवाडीच्या रस्त्याला लागल्यावर तेजस्वीनं विचारलं, "तिथं मागच्या वर्षी एक राखणदार बुडाला ना? तुम्ही ओळखत होता म्हणे त्याला."

"आकाराममामा. हो."

"तुम्ही त्या दिवशी तिथंच होता?"

"मी आठलाच निघाले होते," मी म्हणाले. "ते गेले नऊनंतर."

वाक्य किती सहज आलं. वर्षभर पोलीस पाटलांना, आण्णांना, घरी, सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आता त्यात कुठं अडखळायला होत नाही. खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसत होता. मी नजर काढून उसाकडे बघत बसले.

३

तलावावर पोचायला साडेअकरा झाले. तीन बाजूंनी टेकड्या, चौथ्या बाजूला मातीचा बांध, आणि वरच्या अंगाला, जिथं ओढा येऊन मिळतो तिथं, पाणकणीस आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी. बांधाच्या टोकाला मच्छीमार सोसायटीची पत्र्याची खोली. आकाराममामा तिथं बसायचे. आता तिथं त्यांची बायको बसली होती. सोसायटीनं राखणीचं काम तिलाच दिलं होतं.

बायडाबाई पन्नाशीच्या. मी त्यांना मामी म्हणायचे. मामा गेल्यावर दहाव्याला मी आले होते, हात जोडून परत गेले होते, त्यानंतर आजच. त्यांनी ओळखलं, पण उठल्या नाहीत.

"या बाई. बसा की. पोरीला घिऊन आलाय व्हय?"

शिकवते म्हणून मला त्या नवरा-बायकोनं कायम बाईच म्हटलं. त्यांनी चुलीवर चहा ठेवला. मी आत पाहिलं. भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याखाली चौकोनी पांढरा डाग, फोटो उतरवल्यावर राहतो तसा. शेजारी आमच्या गटाची दिनदर्शिका लटकत होती. आण्णा सगळ्या तलावांच्या राखणदारांना पाठवतात. जानेवारीचं पान. फटाकडी.

"ग्वाड पाखरू हाय," माझी नजर बघून मामी म्हणाल्या. "आमच्यात बी असतंय ते. मालकांनी दावलं होतं मला एकदा. पर दिसतच न्हाई सहसा."

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

"मामांचा फोटो दिसत नाही," तेजस्वीनं सहज विचारलं.

"काढला." एवढंच म्हणून त्या चुलीकडे वळल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मोजायचं ते बांधावरनं मोजा. वरल्या अंगाला, त्या लपणीकडं जाऊ नगासा."

लपण म्हणजे बांबू आणि हिरव्या शेडनेटची खोपी. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून मामांनी ती माझ्यासाठी बांधली होती. आत एक बुटकं स्टूल, पुढं जाळीत कापलेली वीतभर खिडकी.

"का?" तेजस्वी म्हणाली.

"तिथं बोलतंय," मामी म्हणाल्या, म्हैस दूध देत नाही म्हणावं तितक्या साध्या आवाजात.

४

तेजस्वी बांधावर गेली. वरच्या अंगाचे पक्षी बांधावरून दिसत नाहीत, ते लपणीतूनच मोजावे लागतात. मला ते टाळता आलं असतं. आकडा अंदाजानं भरला असता तरी कुणाला कळलं नसतं. पण मामींनी जाऊ नका म्हटल्यावर मला जावंसं वाटलं. नुसतं बोलणं असेल तर ते ऐकून, त्याचं कारण शोधून, निकालात काढता येईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

लपण तशीच होती. शेडनेट उन्हानं पिवळट झालेलं. आत शिरल्यावर अंगाभोवती हिरवा उजेड झाला. स्टूल होतं. वर्षभरात त्यावर धूळ, पानं, कोळ्याचं जाळं, काहीतरी असायला हवं होतं. ते स्वच्छ होतं, मधोमध घासून गुळगुळीत झालेलं. मी बसले नाही. उभ्यानंच वाकून खिडकीतून पाहिलं. गाळाचा मोकळा तुकडा, त्यामागं पाणकणसाची भिंत. दोन पाणकोंबड्या. एक टिबुकली.

मी वहीत लिहिलं: पाणकोंबडी दोन.

खटक. खटक. खटक.

पाणकणसातून. वीस-पंचवीस पावलांवरून. पाणकोंबड्या हलल्या नाहीत. त्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता, किंवा सवयीचा झाला होता.

साळुंकी माणसासारखं बोलते. कोतवाल तर मांजराचा, ससाण्याचा, गाडीच्या हॉर्नचाही आवाज काढतो. कॅमेऱ्याचा आवाज उचलणारे पक्षी जगात आहेत, मी वाचलं आहे. इथं मी तीन हिवाळे बसले, एखाद्या कोतवालानं तो उचलला असणार. मी मनात हे मांडत होते, वर्गात मांडते तसं, पायरी पायरीनं.

"ओ बाई."

मामांचा आवाज. किंचित घोगरा, तंबाखूचा.

"ओ बाई, हिकडं या की जरा."

कोतवाल, मी स्वतःला म्हटलं. मी वही पोटाशी दाबली. ती दुसरी हाक होती. मग तिसरी आली, तिच्यात घाई होती. आणि तिसरीनंतर त्याच जागेवरून, तितक्याच अंतरावरून, एका बाईचा हळू, समजुतीचा आवाज आला, शेजारच्या माणसाला गप्प करताना काढतो तसा.

"थांबा मामा. एकच मिनिट."

तो माझा आवाज होता.

पक्षी ऐकलेला आवाज काढतो. हे शब्द मी तोंडातल्या तोंडात म्हटले होते, कॅमेऱ्याच्या पाठीला ओठ जवळजवळ टेकवून. या जाळीच्या बाहेरही ते गेले नसतील.

मी लपणीतून बाहेर पडले तेव्हा पाचवी हाक येत होती. सहावी आणि सातवी मी चालता चालता ऐकली. सातवीत फक्त 'बाई' होतं.

५

मामी खोलीसमोर जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गेलता न्हवं? सांगितलं होतं की."

मी समोरच्या दगडावर बसले.

"पयलं धोंडुबाईनं ऐकलं," त्या म्हणाल्या. "म्हसरं घिऊन जाती ती तिकडं. मालक जाऊन म्हैना झालता. पळत आली माझ्याकडं. आकाराम हाक मारतोय म्हणाली. मी गेलो. मला वाटलं, माझं नाव घील. रडत गेलो." आमच्याकडच्या खेड्यांतल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, गेलो, आलो. "तर त्यो कुन्या बाईला बलवतोय. आनि ती बाई त्याला म्हणत्या, थांबा, एकच मिनिट. कसं म्हणत्या ऐकलासा की तुमी. गोडीत, कुजबुजत; आवाज वळखू येत न्हाई."

मामींनी जाळं पुढं ओढलं.

"आठ वाजता तुमी गेलेलासा. कुणी पाव्हणं न्हवतं तळ्यावर. मग त्यो नऊ वाजता पाणकणसात कशाला शिरला? गाव म्हणालं, गवताला. गवत कुठं हाय तिथं? मग गावाला समजलं ह्ये आवाजाचं. मग गाव काय म्हणलं, सांगायला पायजे का?"

त्यांनी जाळ्याची गाठ दातानं ओढली.

"तीस वर्सं संसार केला बाई. दारू न्हाई, मटका न्हाई. आनि मरताना दुसऱ्या बाईला हाका मारतोय, मामा म्हणवून घेतोय, नाटकं. म्हणून काढला फोटू. दीर म्हणतोय, फुडल्या आठवड्यात वर्षश्राद्ध हाय. मी म्हणलं, करायचं तर तुमी करा. माझ्या हातनं पिंड पडायचा न्हाई."

बांधावर तेजस्वी छोटी दिसत होती, दुर्बीण डोळ्याला लावून. आमचं तिला काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, उठावं, गाडीत बसावं, कोल्हापूर गाठावं. असं मी एकदा केलंच होतं. दुसऱ्यांदा करणं अवघड गेलं नसतं, आणि ते अवघड जाणार नाही हे कळल्यावरच माझ्या तोंडून शब्द निघाले.

"मामी, ती बाई मी आहे."

६

मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, त्यामुळे नीट क्रमानं आलं नाही.

त्या दिवशी मी आठला निघाले नव्हते. पावणेदहापर्यंत लपणीत होते. फटाकडी पाणकणसाच्या आतच घोटाळत होती, बाहेर येत नव्हती. मीच मामांना म्हटलं, मागच्या बाजूनं आत शिरा आणि हळूहळू पुढं या, म्हणजे ती माझ्याकडे सरकेल. ते म्हणाले, तिथं जुनी हीर हाय बाई, तळं व्हायच्या आधीची, केंदाळानं झाकल्याली. मी म्हटलं, कडेकडेनं या. ते गेले. मला कधी त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

फटाकडी बाहेर आली. गाळावर थांबली, एक पाय उचलून. आणि तेव्हाच मामांची हाक आली. हाकेनं ती आणखी स्तब्ध झाली, मान वर करून. तीन वर्षं मी त्या क्षणासाठी बसले होते. मी म्हटलं, थांबा मामा, एकच मिनिट.

"तुमाला कळलं न्हाई व्हय, त्यो बुडतोय म्हणून?" मामींनी विचारलं.

वर्षभर मी स्वतःला सांगत होते, नाही कळलं. त्यांचा पाय रुतला असेल, नेहमी रुततो. पक्षी दिसला म्हणून बोलावत असतील. ते उत्तर मी मनात एकदा तपासून पाहिलं.

"चौथ्या हाकेला कळलं," मी म्हणाले. "आवाज बदलला होता. पण ती अजून उभी होती."

"मग?"

"मग मी आणखी तीन फोटो घेतले. आणि आणखी तीन. मग ती आत गेली. मी उठले तेव्हा सगळं शांत होतं. मी दोनदा मामा म्हणून हाक मारली. मग ते पलीकडून घरी गेले असतील असं ठरवलं आणि गाडीत बसले."

"ठरीवलं."

"हो."

मामींनी जाळ्याची पुढची गाठ घातली. मला मार हवा होता, शिव्या हव्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती हाका मारल्या त्येनं?"

"सात."

"मोजल्या व्हत्यासा?"

मोजल्या होत्या. मोजायची मला सवय आहे. मान खाली घालून मी हो म्हटलं.

"मी बी रोज मोजतो," त्या म्हणाल्या. "सातच हायत."

मग त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उठल्या. "चला."

"कुठं?"

"त्येनं हाक मारली की ओ द्यायची. मोठ्यांदा. माझ्यासमोर द्या."

७

मामांना बाहेर काढल्यावर गावानं ती विहीर दगडांनी बुजवली होती आणि तिथपर्यंत फरशांची पायवाट टाकली होती. मामी पुढं, मी मागं. दोन्ही बाजूंनी पाणकणीस डोक्याच्या वर. आत वारा नव्हता. पिकलेल्या कणसांचा कापूस तोंडावर चिकटत होता. शेवटच्या फरशीवर मामी थांबल्या आणि मला शेजारी घेतलं. पायाखाली दगड डुगडुगत होते.

"हितं गावला," त्या म्हणाल्या. "छातीपतूर गाळात, डोसक्यावर पाणी. हात वर."

दुपारचा एक वाजला असेल. टिटवी ओरडत होती, ती थांबली.

"ओ बाई."

हाक आमच्या जवळूनच आली. एका बाजूनं आली असं वाटलं नाही. आम्ही उभ्या होतो त्या जागेलाच तोंड फुटलं. मामींनी माझं मनगट धरलं.

"ओ," मी म्हणाले. ते माझ्यापुरतंच निघालं. पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. "ओ मामा. आले."

"ओ बाई, हिकडं या की जरा."

माझ्या ओ कडे त्या आवाजाचं लक्ष नव्हतं. तो माझ्याशी बोलत नव्हता. तो समोर बोलत होता. मी त्या दिशेला पाहिलं.

मी वर्षभर स्वतःला सांगितलं होतं की मध्ये पाणकणसाची भिंत होती, त्यांना मी दिसत नव्हते, मला ते दिसत नव्हते. लपणीतून ती भिंत सलग दिसते. इथून तशी दिसत नाही. इथून पाणकणसात एक फट आहे, दाराएवढी, आणि त्या फटीतून मोकळा गाळ, गाळापलीकडे लपण, लपणीची वीतभर खिडकी, सगळं समोर दिसतं. वीस पावलं. छातीपर्यंत बुडत चाललेल्या माणसाला तर बरोबर नजरेच्या रेषेत.

खिडकीत भिंग होतं. काळं, गोल, उन्हात मधेच चमकणारं.

भिंगामागं गालाचा तुकडा होता. कानामागं खोचलेले केस. राखी स्वेटरची बाही, जी मी त्यानंतर घातली नाही. उजवा हात कॅमेऱ्यावर, आणि त्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. खटक. खटक. खटक. मग खांदे किंचित खाली आले, श्वास सोडल्यासारखे.

"ओ बाई," तिसरी हाक आली.

भिंग आमच्याकडे वळलं नाही. खाली, गाळावर रोखलेलं राहिलं. गाळावर काही नव्हतं. ओठ हलले. इतक्या लांबून ते शब्द ऐकू यायला नकोत. आम्ही दोघींनी ऐकले.

मामींनी माझं मनगट सोडलं. एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्या स्वतः ओरडल्या, शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला ओरडतात तशा, "ओ बाई. माणूस मराय लागलाय हितं. वर बघा की."

तिनं वर पाहिलं नाही.

उरलेल्या चार हाका आम्ही दोघींनी तिथं उभ्यानं ऐकल्या. मला डोळे मिटून घ्यायचे होते. मामी माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी मिटले नाहीत. सातवीनंतर ती बाई स्टुलावर जरा मागं रेलली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, पडद्यात, काहीतरी बघू लागली. तिचा चेहरा आता पूर्ण दिसला असता. ती हसत होती की नाही हे मी सांगू शकले असते. मी नजर पाण्याकडे वळवली.

८

परत येताना मी तेजस्वीला गाडीत सगळं सांगितलं, लपणीत काय दिसलं ते सोडून. रंकाळ्यापाशी उतरताना तिनं वही माझ्याकडून घेतली आणि म्हणाली, आण्णांना आकडे मी देईन.

दुसऱ्या दिवशी मी आण्णांकडे गेले, मग पोलीस पाटलांकडे, आणि त्यांच्यासोबत ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. पुढं काय व्हायचं ते होईल, अजून झालेलं नाही. आण्णांनी उरलेल्या दिनदर्शिका परत गोळा केल्या. मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले.

वर्षश्राद्ध झालं. मामींच्या हातानं झालं. मला बोलावणं नव्हतं. पुतण्याच्या फोनवरून त्यांनी नंतर कळवलं की फोटो परत भिंतीवर लावला आहे, आणि गावातल्या बायका येऊन पाया पडून गेल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा पुन्हा फोन आला. मी वर्ग संपवून स्टाफरूममध्ये आले होते.

"हाका थांबल्या बाई," त्या म्हणाल्या. "श्राद्ध झाल्यापास्नं एक बी न्हाई. गेला त्यो सुखानं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं मामी," मी म्हणाले.

"त्यो गेला. पर ती हाय की अजून."

मी दार लोटून घेतलं.

"गावानं लपण काढली," त्या म्हणाल्या. "बांबू काढलं, जाळी काढली, ते स्टूल बी जाळलं. तर ती तशीच बसल्या. उघड्यावर, उनात. धोंडुबाईची म्हसरं तिकडं पाण्याला जाईनात. पोरीबाळी धुण्याला जायच्या बंद झाल्या. देवऋषी आणला, त्यो लांबनंच माघारी गेला."

"मग आता?"

"मला काय इच्यारता? आमचं माणूस आमी वाटंला लावलं." आवाजात राग नव्हता. "ती तुमची हाय. तुमी येऊन घिऊन जावा तिला."

मी म्हटलं, येत्या रविवारी येते.

त्याला आता पाच रविवार झाले.